तळहाताने ऐकणाऱ्या वसुधाताई

वसुधाताईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या दारात. पायात घरातल्या चपला, अंगावर ऑफिसचा निळा शर्ट आणि हातात स्क्रूड्रायव्हर. रेगेन्सबर्गच्या त्या इमारतीत राहायला येऊन आम्हाला जेमतेम महिना झाला होता. खालच्या मजल्यावर कुणी मराठी राहतं हे दारावरच्या 'शिरोळे' या पाटीवरून कळलं होतं, पण भेट झाली नव्हती. जर्मनीत न सांगता दाराची घंटा वाजली की आपलं काय चुकलं ते माणूस आठवू लागतो. आपण कचरा चुकीच्या डब्यात टाकला की रविवारी व्हॅक्यूम क्लीनर लावला, हेच आधी मनात येतं.

"मी खालची वसुधा," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडं मोठा कॉम्प्युटर आहे ना? टेबलाखाली, भिंतीला लागून?"

मी हो म्हणाले. मी घरी बसून यंत्रांच्या माहितीपुस्तिकांची भाषांतरं करते. संजयचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, जुना डेस्कटॉप त्या कामाला लागला होता. सकाळी तो चालू केला की संध्याकाळपर्यंत घरघरत राहायचा आणि मला त्याची इतकी सवय झाली होती की बंद केल्यावरच तो आवाज करत होता हे लक्षात यायचं.

"त्याला त्रास होतोय," वसुधाताई म्हणाल्या. "बघू का जरा?"

कुणाला त्रास होतोय हे मला नीट कळलं नाही. कॉम्प्युटरलाच असं समजून मी त्यांना आत घेतलं.

त्यांनी लगेच काही उघडलं नाही. आधी जमिनीवर मांडी घातली, शर्टाची बाही वर सारली आणि कॅबिनेटच्या वरच्या पत्र्यावर तळहात ठेवला. पोराच्या अंगात कणकण आहे का बघतात तसा. मग बाजूच्या पत्र्यावर, मग टेबलाच्या पायाला, शेवटी लाकडी फरशीवर. डोळे मिटलेले.

"दोन आवाज आहेत," त्या म्हणाल्या. "एक घरघर, एक गुणगुण. घरघर तुझ्या खोलीत राहते. गुणगुण फरशीतून उतरून माझ्या छताला लागते."

मग पत्रा काढला. आतली धूळ बघून मला लाज वाटली, पण त्यांचं लक्ष पंख्यांकडे होतं. चालत्या पंख्याच्या मधोमध बोटाचं टोक अलगद टेकवून त्यांनी तो क्षणभर थांबवला, कान दिला, सोडला. मग दुसरा. "हा म्हातारा झालाय, ह्याचं बेअरिंग गेलं. ह्याला बदलायचा. आणि ही गुणगुण पंख्याची नाहीच. तुझी हार्ड डिस्क पत्र्याला घट्ट पिळून बसवलीय. ती थरथरते आणि पूर्ण डबा तिच्याबरोबर थरथरतो." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "परकराला घालतात तसलं इलॅस्टिक आहे काय गं घरात?"

इलॅस्टिक होतं. आईने दिलेल्या शिवणाच्या डब्यात. वसुधाताईंनी त्या इलॅस्टिकचे फेरे घालून हार्ड डिस्क डब्याच्या आत अधांतरी टांगली, झोळीत बाळ ठेवावं तशी. कॅबिनेटच्या खाली जाड लोकरी नमद्याचा तुकडा सरकवला. दोन दिवसांनी येताना त्या दोन छोट्या पंख्यांऐवजी एक मोठा, संथ फिरणारा पंखा घेऊन आल्या. तो बसवून त्यांनी बटण दाबलं. मी वाट बघत राहिले.

"चालू झाला नाही वाटतं," मी म्हणाले.

"चालू आहे. दिवा बघ की."

चहा घेताना माझ्या लक्षात आलं की त्यांनी कप बशीत ठेवला तेव्हा आवाज झाला नाही. पुढच्या सात-आठ वर्षांत तो कधीच झाला नाही.

वसुधाताई इचलकरंजीच्या. घराच्या मागच्या बाजूला वडिलांचे यंत्रमाग. जन्मल्या त्या दिवशीही माग चालू होते, असं त्या सांगायच्या. त्या गावात लोक एकमेकांशी बोलताना ओठांकडे बघतात. मागावर माणसं खुणांनी बोलतात, घरी आल्यावर ओरडून बोलतात, आणि पन्नाशीला निम्मं ऐकू येईनासं होतं. त्यांच्या वडिलांचं तसंच झालं होतं. दर रविवारी त्यांचा फोन यायचा तेव्हा वसुधाताई फोन हातभर लांब धरायच्या आणि तरी तो आवाज आम्हाला वर ऐकू यायचा, "वसू! जेवलीस काय गं!" त्या एका आवाजाला त्या घरात मोकळीक होती.

लहानपणी कुठला माग बिघडणार हे त्या वडिलांना सांगायच्या. कानांनी सांगणं शक्यच नव्हतं, इतका कल्लोळ असायचा. मागाच्या चौकटीला हात लावून सांगायच्या. "चाळीस माग एकदम बोलत असतात. त्यातला एक खोटं बोलायला लागला की हाताला कळतं," असं त्यांचं म्हणणं. सांगलीला मेकॅनिकल केलं, मग इथे येऊन आवाज आणि कंपन या विषयात पुढचं शिक्षण, आणि नोकरी मोटारींच्या पंख्यांच्या कंपनीत. गाडीत हीटर लावल्यावर समोरून जी ऊब येते तिच्या मागे एक पंखा असतो. तो ऐकू येऊ नये, एवढंच त्यांचं काम. लोकांना कळलंच नाही की काम झालं म्हणायचं, असं त्या कुणी विचारलं तर सांगायच्या, आणि विषय बदलायच्या.

त्यांचं घर बघितल्यावर पहिल्यांदा विचित्र वाटायचं. खुर्च्यांच्या पायांना मोजे. स्टीलच्या ताटांच्या मधे कापडाचे तुकडे. भिंतीवर घड्याळ होतं पण सेकंदकाटा काढलेला. फ्रीज चार रबरी गोळ्यांवर उभा. कुकरच्या शिट्टीची तर गोष्टच नाही. डाळ उघड्या पातेल्यात, झाकण ठेवून शिजायची. येता जाता त्यांचा हात कशावर ना कशावर टेकलेला असायचा. लिफ्टच्या दारावर, बसच्या खांबावर, केलरमधल्या, म्हणजे तळघरातल्या, सगळ्यांच्या सामायिक वॉशिंग मशीनवर. इमारतीतली जर्मन मंडळी त्यांना मानायची. रूहेत्साइट, म्हणजे दुपारी आणि रात्री आवाज न करण्याचे तास, इथे इमारतीच्या नियमात लिहिलेले असतात. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई म्हणायच्या की फ्राऊ शिरोळेंकडे ते चोवीस तास असतात.

एवढी शांतता त्यांच्या स्वतःसाठी नव्हती. ती ईशानसाठी होती.

ईशान त्यांचा मुलगा. आम्ही राहायला आलो तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा असेल. उंच, किडकिडीत, कुणाच्याही चेहऱ्याकडे न बघणारा. मराठी सगळं कळायचं, उत्तर जर्मनमध्ये. डॉक्टरांनी त्याच्या स्वभावाला जे नाव दिलं होतं ते वसुधाताई सरकारी कामापुरतं वापरायच्या. एरवी म्हणायच्या, "आपल्याला नको ते ऐकू येत नाही. त्याला कान मिटता येत नाहीत." ट्यूबलाइटचा, नळाचा, शेजारच्या खोलीतल्या चार्जरचा, सगळे आवाज त्याच्यापर्यंत सारखेच पोचायचे. सहन झालं नाही की तो दोन्ही हातांनी कान ओरबाडायचा. हेडफोन डोक्याला टेकलेला चालायचा नाही. आमचा कॉम्प्युटर छतातून त्यालाच ऐकू येत होता. त्या दारात पहिल्या दिवशी 'त्याला त्रास होतोय' म्हणाल्या त्याचा अर्थ मला काही महिन्यांनी कळला.

त्याचे वडील बर्लिनला असतात. त्यांचं तिथे दुसरं घर आहे. "माणूस वाईट नाही," वसुधाताई एकदाच म्हणाल्या. "त्याला झेपलं नाही."

आता अडचण अशी की आवाज सहन न होणाऱ्या या मुलाला जे काम आवडायचं ते सगळ्यात आवाज करणाऱ्या यंत्रावर. तो कॉम्प्युटरवर रेगेन्सबर्ग बांधत होता. गल्ली गल्ली, घर घर. प्रत्येक खिडकी मोजून, छपराचं प्रत्येक कौल उतारासकट. शाळेतून येताना एखादं घर निरखायचं आणि घरी येऊन ते उभं करायचं. लॅपटॉपला ते पेलायचं नाही. मोठा डेस्कटॉप, त्यात चित्रं रंगवणारं दांडगं ग्राफिक्स कार्ड. गाव जसं वाढत गेलं तसं मशीन तापायला लागलं, तापलं की पंखे पळायचे, पंखे पळाले की ईशान कान ओरबाडायचा. आणि तरी जागचा उठायचा नाही. एकदा वसुधाताईंनी मशीन बंद केलं तर तो कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून संध्याकाळपर्यंत बसला.

"मग माझी खरी परीक्षा सुरू झाली," त्या म्हणायच्या. "कंपनीत नुसती नोकरी होती."

एक प्रसंग त्या मला पुन्हा पुन्हा सांगायच्या, आणि तेवढाच सांगताना त्यांचा आवाज चढायचा. मशीनमधलं सगळं बदलून झालं होतं. मोठे पंखे, तांब्याच्या नळ्यांचा, उष्णता ओढून घेणारा जाड हीटसिंक, स्क्रूंखाली रबरी चकत्या. वसुधाताईंच्या हाताला काही लागत नव्हतं, कानाला काही येत नव्हतं. तरी ईशान म्हणत होता, "एस फायफ्ट." शिट्टी वाजतेय. शाळेतल्या बाईंनी सांगितलं, त्याच्या मनाचा खेळ आहे. डॉक्टरांनी सांगितलं, आता प्रत्येक वेळी त्याच्या मागे धावू नका, सवय लागेल.

"मलाही वाटायला लागलं होतं गं," त्या म्हणायच्या. "मी आई असून."

त्यांच्या कंपनीत आवाज मोजायची एक खोली आहे. भिंती, छत, जमीन, सगळीकडे फोमचे सुळके. आत उभं राहिलं की आपल्याच मानेतली शीर उडताना ऐकू येते म्हणे. साहेबांची परवानगी काढून एका शनिवारी त्या ईशानचं मशीन गाडीत घालून तिथे घेऊन गेल्या. मायक्रोफोन लावला, पडद्यावर आलेख उमटला. खाली सगळं सपाट, आणि अगदी उजव्या टोकाला, आमच्यासारख्यांचे कान जिथे पोचत नाहीत तिथे, एक बारीक सुळका. गवताच्या पात्यासारखा. आवाज पंख्याचा नव्हता. ग्राफिक्स कार्डातून वीज वेगाने आत-बाहेर होताना त्यातल्या तारेची वेटोळी थरथरत होती.

"घरी आले आणि त्याला सांगितलं, बाळा, शिट्टी वाजते. तुझं बरोबर होतं. तर म्हणतो कसा, 'या, हाबे इष डोख गेझाग्ट.' सांगितलं होतं की मी! आणि गेला जेवायला. मीच बसले रडत."

उपाय सोपा निघाला. कार्ड गरज नसताना सेकंदाला शेकडो चित्रं काढत होतं. त्याला मर्यादा घालून दिली. चित्रं कमी झाली, वीज कमी पळाली, शिट्टी थांबली. पण त्या दिवसापासून ईशान 'वाजतंय' म्हणाला की ते वाजतंय, यावर त्या घरात चर्चा झाली नाही.

आजाराचं त्यांनी मला केलरमध्ये सांगितलं. कपडे वाळत घालत होत्या. "नीता, पोटात गाठ निघालीय. पसरलीय. औषध सुरू करतायत, पण ते बरं करणारं नाही, लांबवणारं आहे," असं म्हणून त्यांनी माझ्यापुढे चिमट्यांची टोपली धरली. मी ती घेतली. दोघींनी मिळून राहिलेल्या चादरी घातल्या.

ईशान तेव्हा विशीत होता. एका कार्यशाळेत अर्धा दिवस काम करायचा, उरलेला दिवस त्याचं गाव. वसुधाताईंनी त्या वर्षात सगळ्यात आधी एक गोष्ट केली. त्याच्यासाठी जागा शोधली. डोनाऊ नदीच्या पलीकडे एक वोनग्रुप्पे होती. त्याच्यासारखी चार-पाच मुलं प्रत्येकी आपल्या खोलीत राहतात, स्वयंपाकघर एक, आणि दिवसभर मदतीला माणसं. तिथल्या प्रमुख फ्राऊ लिंडनर समजूतदार होत्या. आधी आठवडाभर राहून बघायचं ठरलं.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. मी वसुधाताईंना गाडीतून घेऊन गेले. ईशान पलंगाच्या कडेला बसला होता. दोन्ही कानांमागे रक्ताळलेले ओरखडे. मशीन टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलं होतं, त्याला श्वास घ्यायला जागा नव्हती, आणि आतले पंखे जिवाच्या आकांताने पळत होते.

"रोज काही तास कॉम्प्युटर बंद ठेवला तर?" फ्राऊ लिंडनर हळूच म्हणाल्या.

वसुधाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही घरी जाता ना संध्याकाळी?" त्या जर्मनमध्ये म्हणाल्या. "तसा तो त्याच्या त्या गावात जातो."

मशीन कप्प्यातून बाहेर काढल्याबरोबर आवाज निम्मा झाला. तरीही त्या ईशानला घेऊन परत आल्या. गाडीने पूल ओलांडल्यावर म्हणाल्या, "मी असेपर्यंत मशीन गप्प ठेवणं काही मोठं नाही गं. धूळ बसतेच. पंखा म्हातारा होतोच. आज केलेलं सहा महिन्यांत पुन्हा करावं लागतं. मग ते कोण करणार?"

त्यांनी ईशानसाठी नवीन मशीन बांधायला घेतलं. दुप्पट मोठा डबा, आत हवा खेळती, पंखे मोजके आणि संथ. दर रविवारी दुपारी बैठकीच्या खोलीत चादर अंथरून भाग मांडायचे. मी चहाला जायचे आणि थांबायचे. ईशान दारात उभा राहून बघायचा. त्याने हात लावावा म्हणून त्या कितीदा बोलवायच्या, तो 'नाइन', नको, म्हणायचा. त्याला थरथरणाऱ्या वस्तूंचा स्पर्श नको असायचा.

अशाच एका रविवारी मशीन पहिल्यांदा चालू केलं. वसुधाताईंनी नेहमीप्रमाणे डोळे मिटून वरच्या पत्र्यावर तळहात ठेवला. मग बाजूला. मग पुन्हा वर. हात बराच वेळ तिथेच राहिला.

"नीता," त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "चालू आहे ना गं हा?"

चालू होता. दिवा लागला होता, पंखे फिरत होते, आणि आतून कसलीशी बारीक कुरकुर मला माझ्या खुर्चीवरून ऐकू येत होती. मी हो म्हणाले. त्यांनी दुसरा हात ठेवून पाहिला. बोटं एकमेकांवर चोळली. औषधाने बोटांना मुंग्या येतात, बटणं लावता येत नाहीत, हे त्यांनी मला सांगितलं होतं, पण मुंग्यांच्या पुढची ही पायरी, बोटं बधिर होण्याची, त्यांनाही त्या क्षणीच कळली असावी. त्या पुढे वाकल्या आणि पत्र्यावर कपाळ टेकलं. तशाच राहिल्या. मला वाटलं रडतायत, म्हणून मी उठले. पण त्या कपाळाने ऐकण्याचा प्रयत्न करत होत्या.

ईशान दारातून आत आला. "लास मिष," तो म्हणाला. मला बघू दे.

वसुधाताई बाजूला सरकल्या. त्याने हात पुढे केला, पत्र्याला लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. पँटला पुसला. पुन्हा लावला. त्याचा चेहरा वेडावाकडा झाला होता, खांदे कानांपर्यंत वर आले होते. हात मात्र तिथेच राहिला.

"हिंटन," तो म्हणाला. "उंटन."

मागे, खाली. वसुधाताईंनी तिथला स्क्रू सैल केला, पण तो बोटांतून निसटून चादरीवर पडला आणि त्यांना तो उचलता येईना. ईशानने उचलला.

"रबराची चकती घाल त्याच्याखाली. ती काळी. हां. आता फार पिळू नकोस. आता?"

"बेसर." आधीपेक्षा बरं.

"किती?"

त्याने पुन्हा हात ठेवून विचार केला. "नोख निष्ट गूट." अजून चांगलं नाही.

"मग शोध," त्या म्हणाल्या.

शाबासकी दिली नाही, डोळे पुसले नाहीत. तिन्हीसांजेपर्यंत दोघं त्या मशीनपाशी बसली होती. त्या विचारत होत्या, तो हाताने ऐकून सांगत होता. मधे एकदा त्या मला म्हणाल्या, "चहा कर की गं. साखर घालून." मी कप दिला तेव्हा त्यांनी तो माझ्या हातून घेतला नाही, खाली ठेवायला सांगितला. गरम किती आहे ते त्यांना कळणार नव्हतं.

पुढचे दोन-तीन महिने त्यांनी ईशानला सगळं शिकवलं. मशीन बंद करून वायर काढल्याशिवाय आत हात घालायचा नाही. धूळ उडवायला हवा मारताना पंख्याची पाती पेन्सिलीने अडवून धरायची, नाहीतर ती गरगरा फिरून बेअरिंग खराब होतं. वीजपुरवठ्याची पेटी कधीही उघडायची नाही. दर महिन्याचा पहिला शनिवार धुळीचा. ईशानला नियम आवडायचे. त्यात एक नियम त्याने स्वतः घातला. धूळ काढताना तो पोहण्याचा चष्मा लावायचा. गच्चीच्या कठड्याशी, डोळ्यांवर तो निळा चष्मा चढवून, हातात ब्रश घेऊन उभा असलेला ईशान बघून वसुधाताई हसल्या होत्या. त्या वर्षात त्यांना मोठ्याने हसताना मी तेव्हाच पाहिलं.

शरदात तो नवीन मशीन घेऊन वोनग्रुप्पेत राहायला गेला. पहिला आठवडा बरा गेला. दुसराही.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी वसुधाताईंपाशी बसले होते. त्या आता बहुतेक वेळ पडूनच असत. फ्राऊ लिंडनर यांचा फोन आला. मी तो स्पीकरवर टाकला. ईशानने मशीन पूर्ण खोललं होतं. सगळे भाग जमिनीवर मांडलेत, दार आतून लावलंय, कुणाला आत येऊ देत नाही. सकाळपासून जेवला नाही. कार्यशाळेतल्या तंत्रज्ञाला बोलवायचं का?

मला वाटलं, झालं. आता पुन्हा गाडी काढायची.

वसुधाताई उशीवरून थोड्या वर झाल्या. "दाराबाहेरून काय ऐकू येतंय?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही," फ्राऊ लिंडनर म्हणाल्या.

"ओरडतोय? भिंतीवर हात आपटतोय?"

"नाही."

"मग कुणी हात लावू नका. त्याला करू दे."

फोन ठेवल्यावर त्यांनी डोळे मिटले, पण झोपल्या नाहीत. दुपार सरत गेली. मी दोनदा म्हटलं की मी जाऊन बघून येते. दोन्ही वेळा त्यांनी नकाराची मान हलवली. बाहेर काळोखायला लागलं तेव्हा त्यांचा मोबाइल वाजला. पडद्यावर ईशानचं नाव होतं. ईशानने त्याच्या आयुष्यात कुणाला फोन केला नव्हता. फोनमधला आवाज त्याला सोसत नसे.

मी फोन त्यांच्या कानाशी धरला. खोली इतकी शांत होती की त्याचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं.

"वार नुअर आइन काबेल," तो म्हणाला. फक्त एक वायर होती. मग स्वतःच पुढे सांगितलं की ती सैल होऊन पंख्याच्या पात्याला लागत होती, त्याने ती बांधली, आता चांगलं आहे.

"गूट," वसुधाताई म्हणाल्या. "जेव आता."

त्याने फोन ठेवला. त्यांनी माझं मनगट धरलं, बोटांत जोर नव्हता तरी धरून ठेवलं. मग म्हणाल्या, "मला भूक लागलीय गं. भात आहे काय?"

नाताळच्या आधी त्या गेल्या. बर्लिनहून ईशानचे वडील आले होते, इचलकरंजीहून वसुधाताईंचा भाऊ येऊ शकला नाही. ईशान स्मशानातल्या छोट्या चॅपेलमध्ये शेवटच्या बाकावर बसला होता, आणि ऑर्गन वाजवू नका, असं मी आधीच सांगून ठेवलं होतं.

पण मला त्यांची शेवटची आठवण त्या दिवसाची नाही. त्याच्या काही आठवडे आधी त्यांनी मला एकदा ईशानकडे न्यायला सांगितलं. चालवत नव्हतं, तरी चाकाच्या खुर्चीत बसून आल्या. ईशानने त्यांना पडद्यावर नवीन बांधलेली गल्ली दाखवली. त्यांनी दोन प्रश्न विचारले, त्याने उत्तरं दिली. मशीन टेबलाशेजारी उघड्यावर उभं होतं. त्यांनी त्याला हात लावला नाही. पाऊण तासाने ईशान घड्याळाकडे बघून म्हणाला, "ममा, इष मुस आर्बाइटन." मला काम आहे.

"हो, हो. निघालो आम्ही," त्या म्हणाल्या.

खाली येऊन मी त्यांना गाडीत बसवलं, खुर्ची मागे ठेवली, गाडी चालू केली. "थांब जरा," त्या म्हणाल्या. मी थांबले. नोव्हेंबरची चारची वेळ, अंधारून आलेलं. त्या काच खाली करून दुसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या खिडकीकडे बघत होत्या. खिडकी काळी होती. पडदा बंद करून आम्हाला सोडायला तो जिन्यापर्यंत आला होता, अजून खोलीत पोचला नसावा. गार हवा आत येत होती, मला त्यांची काळजी वाटत होती.

मग त्या खिडकीत कॉम्प्युटरच्या पडद्याचा निळसर उजेड पडला, आणि त्याच्यापुढे ईशानचं डोकं येऊन स्थिर झालं.

वसुधाताईंनी काच वर केली.

"बसला कामाला," त्या म्हणाल्या. "चल."